दुःख मानावे, दैव मानू नये



नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरात एखादे लेकरू वारले, की त्या घरावर दोन घाव बसतात. पहिला मृत्यूचा, दुसरा लोकांच्या बोलण्याचा. शेजारीण म्हणते, "देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, ते कोपले." आपलाच एखादा नातेवाईक म्हणतो, "मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगायलाच हवेत." या दुसऱ्या घावाने आई स्वतःलाच अपराधी समजू लागते. मग देवऋषी येतो, अंगारा येतो, नवस येतो आणि त्यामागून सावकाराचे कर्ज येते. अशा घराला धम्म काय सांगतो?

श्रावस्तीच्या किसा गोतमीचे एकुलते मूल मेले. प्रेत कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली आणि शेवटी भगवंतांपाशी आली. भगवंतांनी मंत्र म्हटला नाही, चमत्कार केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. मोहरी घरोघरी होती. मृत्यू न पाहिलेले घर मात्र सापडले नाही.

भगिनींनो, याचा नीट विचार करा. त्या नगरीत यज्ञ करणारी घरे होती, देव पूजणारीही होती. मृत्यू देवाच्या कोपाने येत असता, तर निदान त्या घरांनी तरी तिला मोहरी दिली असती. मृत्यू हा निसर्गाचा नियम आहे, कोणाची शिक्षा नाही. हे उमगले तेव्हा गोतमीने लेकराला स्मशानात ठेवले. तिला शांती मिळाली ती सत्य पाहिल्याने.

परंतु "आहे ते मान्य करा" या उपदेशाचा दुसराही अर्थ आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. गावकुसाबाहेर राहणे मान्य करा, पाणवठा बंद आहे हे मान्य करा, कारण तुमचे पूर्वकर्म! मागील जन्माच्या पापाने आजचे दारिद्र्य ठरते हा विचार बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे.

त्यांचे जीवनच पाहा. बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा बाबासाहेब फार खचले होते. पण २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. मृत्यू माणसाने घडवलेला नाही, म्हणून त्यांनी तो सोसला. अस्पृश्यता माणसाने घडवलेली होती, म्हणून ती सोसली नाही.

हीच कसोटी आपण घरात लावावी. मूल आजारी पडले तर आधी दवाखाना. उपचार करूनही ते गेले, तर मोकळेपणाने रडावे. रडण्यात कमीपणा नाही. त्रिशरण-पंचशील घ्यावे, शेजारच्या चार घरांनी त्या आईजवळ बसावे. तिला दोष लावणाऱ्याला तिथेच थांबवावे. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, अशी आपली प्रतिज्ञा आहे. त्या खर्चाचे पैसे मागे राहिलेल्या भावंडांच्या वह्या-पुस्तकांना लावावेत.

जे टळत नाही ते धीराने सोसणे आणि जे बदलता येते ते बदलायला उठणे, या दोन्हींत मनाची शांती आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!