डेटाचा नकार

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या ‘द मेजर ऑफ अ मॅन’ या भागात अंतराळातली लढाई नाही, नवा ग्रह नाही, परग्रहावरचा शत्रू नाही. आहे ती एका खोलीत चाललेली सुनावणी. फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेत हा भाग दाखवला गेला. तो लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास त्याआधी वकिली करत होत्या. यंत्राला जाणीव असू शकते का, यावर आज जो उठतो तो मत देतो. अशा वेळी हा भाग पुन्हा पाहायला हवा, त्यातल्या ढोबळ चुकांसकट.

डेटा हा स्टारफ्लीट या अंतराळ दलातला अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखं यंत्र; हुद्दा लेफ्टनंट कमांडर. ब्रूस मॅडॉक्स या शास्त्रज्ञाला त्याचे भाग सुटे करून पाहायचे आहेत, म्हणजे तसे आणखी पुष्कळ बनवता येतील. मॅडॉक्सची तयारी अपुरी आहे हे ओळखून डेटा नकार देतो आणि राजीनामा लिहितो. त्यावर मॅडॉक्सचा सवाल असा, की स्टारफ्लीटच्या मालकीची वस्तू राजीनामा कसा देईल? प्रकरण फिलिपा लुव्हॉ या न्यायाधिकाऱ्यापुढे जातं. तिचा तळ नवा, हाताशी वकील नाहीत. म्हणून कॅप्टन पिकार्डने डेटाची बाजू मांडायची आणि रायकरने, डेटाच्या मित्राने, विरुद्ध बाजू. रायकरने कुचराई केली तर निकाल डेटाच्या विरोधात.

या भागातली सर्वांत मोठी जागा अगदी छोटी आहे. रायकर एकटाच डेटाचे तांत्रिक आराखडे चाळत बसलाय. एके ठिकाणी त्याची नजर थांबते आणि चेहरा खुलतो. हुकमी मुद्दा हाती लागलेला असतो. दुसऱ्याच क्षणी, आपण नेमकं काय शोधून काढलं हे उमगून, तोच चेहरा काळवंडतो. संवाद एकही नाही. पुढे सुनावणीत तो डेटाचा हात काढून दाखवतो, मग कळ दाबून त्याला बंद करतो आणि डेटा जागच्या जागी कोसळतो. जोनाथन फ्रेक्सने रायकरचं हे काम असं केलंय, की काम चोख करण्याचीच लाज वाटणं म्हणजे काय, ते दिसतं.

पिकार्ड हे कसं परतवतो? सजीव जाणिवेच्या तीन कसोट्या मॅडॉक्सच सांगतो : बुद्धी, स्वतःचं भान आणि चेतना. पहिली डेटाकडे आहे, हे पिकार्ड मॅडॉक्सकडूनच वदवून घेतो; दुसरी डेटाच्या उत्तरांतून दाखवून देतो. तिसरीचं काय? ती तो सिद्ध करतच नाही. तो विचारतो, असे हजारो डेटा तयार झाले तर ती एक जमातच होणार नाही का, आणि तिला आपण कसं वागवलं यावरून आपली पारख होणार नाही का? हा धागा त्याला गायनन या पात्राशी बोलताना सापडलेला असतो. त्या भूमिकेत वूपी गोल्डबर्ग ही कृष्णवर्णीय अभिनेत्री आहे आणि बोलणं येऊन थांबतं ते गुलामगिरीवर. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाला नागरिक म्हणून दाद मागण्याचा हक्कच नाकारला, त्या देशातल्या प्रेक्षकाला आणखी काही सांगावं लागत नाही.

ही बगल आहे, असं कोणी म्हणेल. मला ती या लेखनातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. समोरच्याच्या आत चेतना आहे हे कोणीच कोणाबद्दल सिद्ध करू शकत नाही. लुव्हॉसुद्धा निकाल देताना तसा दावा करत नाही.

दोष मात्र खरे आहेत आणि ते किरकोळ नाहीत. डेटाच्याच जहाजावरच्या दोन अधिकाऱ्यांना समोरासमोर उभं करणारी सुनावणी कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. नाट्यासाठी तेही चालवून घेऊ. पण स्टारफ्लीटने डेटाला रीतसर प्रवेश दिला होता, तेव्हाच्या समितीत विरोध करणारा एकटा मॅडॉक्सच होता, हे याच भागात सांगितलं जातं. प्रवेश दिला, हुद्दा दिला, पदकं दिली, तर मग तो वस्तू कधी झाला? हा पिकार्डचा पहिला मुद्दा असायला हवा होता. पदकं तो पुढे करतो, पण डेटाने ती का जपली एवढंच विचारण्यासाठी.

त्याहून मोठी उणीव म्हणजे या सगळ्यात डेटाचं नकारामागचं म्हणणं ऐकलंच जात नाही. साक्षीत त्याला त्याच्या वस्तूंबद्दल विचारतात, नकाराबद्दल नाही. आणि तो नकार फार सुंदर आहे. सुनावणीआधी तो मॅडॉक्सला सांगतो, की पोकरवरची सगळी पुस्तकं वाचली होती, तरी प्रत्यक्ष डाव निराळाच निघाला. आठवणी उतरवून घेतल्या तर माहिती उरेल, त्यांतलं काहीतरी निसटेल. हेच त्याने लुव्हॉसमोर बोलायला हवं होतं. आपल्याकडे १९२५ मध्ये, कोलकात्याच्या मल्लिक घराण्याच्या कुलदेवतेच्या खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलने मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानलं आणि तिची इच्छा मांडायला तटस्थ प्रतिनिधी हवा असं म्हटलं. मूर्तीला चेतना आहे का, हे ठरवण्याची गरज तिथे पडली नाही. डेटाला तर प्रतिनिधीचीही गरज नव्हती. तो बोलू शकत होता.

निकालही अरुंद आहे : डेटा स्टारफ्लीटची मालमत्ता नाही, निवड त्याची. त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणाबद्दल त्यात काही नाही. वर्षभराने, १९९०च्या ‘द ऑफस्प्रिंग’मध्ये, डेटाने घडवलेल्या लाल या मुलीला त्याच्यापासून तोडून संशोधनासाठी नेण्यासाठी स्टारफ्लीटचा अ‍ॅडमिरल जहाजावर येतो, आणि पिकार्डला तोच वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागतो.