जिजाईचा अधिकार

थोर पुरुषांवरील चित्रपट आणि मालिका मी आस्थेने पाहतो. परंतु ज्या कथेत नायकाभोवती पहिल्या प्रसंगापासूनच दिव्यत्वाचे वलय असते आणि इतर माणसे केवळ हात जोडण्यापुरती उभी केलेली असतात, तेथे माझे मन रमत नाही. प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला, पुढे व्हेनिसच्या महोत्सवातही गौरविला गेला, आणि मला तो आजही या प्रकारात सर्वश्रेष्ठ वाटतो. त्याचे श्रेय तुकोबा साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांच्या सात्त्विक मुद्रेइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, गौरीबाईंनी साकारलेल्या तुकोबांच्या पत्नीला, जिजाईला आहे. आजारी पोराला घेऊन, हातात वहाण धरून ती तरातरा देवळात शिरते आणि प्रत्यक्ष पांडुरंगाला फैलावर घेते, तेव्हा तुकोबांच्या वैराग्याची किंमत कोणाच्या पदरी पडली हे निरूपणावाचून उमगते. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. हा प्रसंग आज कोणी मालिकेत उभा करणार असेल, तर नदीकाठच्या जयघोषात फार वेळ न दवडता त्याने सरळ घरी यावे आणि त्या संध्याकाळी जिजाईने चुलीवर काय चढविले, ते दाखवावे.