दोनशे डॉलर, एक मॉथमन आणि पडलेला पूल

कोलंबसला नोकरी करणाऱ्या भाचीनं शनिवार-रविवारचा अख्खा बेत वहीच्या एका पानावर बसवला होता. खर्च दोघांत मिळून दोनशे डॉलर, वर एक सेंटही नाही. ओहायोतून पहाटे निघायचं आणि दोनेक तासांत वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंटला मॉथमनच्या शोधात उतरायचं. संध्याकाळी फ्लॅटवूड्सला 1952 सालच्या ‘परग्रहवासी’ची चौकशी, रविवारी ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण पाहून परत. मोटेलची एकच रात्र. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सप्टेंबरमधला मॉथमनच्या जत्रेचा शनिवार-रविवार तिनं मुद्दाम टाळला होता. गर्दीत खोल्या परवडत नाहीत.

मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन भाचीकडे महिनाभर राहायला आलेले. त्यांनी दशम्यांना मान डोलावली आणि पॉइंट प्लेझंटवर बोट ठेवलं.

“इथं नको.”

“का रे? भुताला घाबरतोस?”

“पुलाला.”

15 नोव्हेंबर 1966 च्या रात्री दोन तरुण जोडप्यांना गावाबाहेर, दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्याच्या ओसाड आवारात, पंखांची आणि लाल डोळ्यांची माणसाएवढी आकृती दिसली; तिलाच पुढे मॉथमन म्हणू लागले. निदान तसं त्यांनी सांगितलं. तेरा महिन्यांनी, 15 डिसेंबर 1967 ला, संध्याकाळच्या ऐन वर्दळीत गावाचा सिल्व्हर ब्रिज ओहायो नदीत कोसळला आणि 46 माणसं गेली. जॉन कील यांच्या 1975 च्या पुस्तकानं या दोन गोष्टींची सांगड घट्ट केली, 2002 मध्ये रिचर्ड गेअरचा सिनेमा आला आणि पुढच्याच वर्षी गावात मॉथमनचा चकचकीत पोलादी पुतळा उभा राहिला.

“तो पूल आयबारच्या साखळीवर होता. आयबार म्हणजे टोकांना भोक असलेली पोलादी पट्टी,” मामा म्हणाले. “अशा पट्ट्या पिनांनी जोडून साखळी करायची आणि तिच्यावर पूल टांगायचा. या पुलात दोन-दोनच पट्ट्या शेजारी. एक तुटली की दुसरीनं कुठवर धरायचं? एका भोकाच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती. त्या चिरेचा टी-शर्ट विकतं का गं कुणी?”

“ती चीर तपासणीत दिसली असती?”

मामा थोडे अडखळले. “सांधा उघडल्याशिवाय नाही.”

“म्हणजे चौकशीतून निघालं काय? कुणाला कळलंच नसतं. ज्याचा बाप त्या नदीत गेला त्याला हे सांगून बघ. मॉथमनची गोष्ट सांगते, निदान कुणीतरी इशारा द्यायला आलं होतं.”

भाचीचा हा मुद्दा कच्चा नव्हे. त्या आकृतीसाठी वन्यजीवतज्ज्ञांनी तेव्हाच सँडहिल क्रेन या मोठ्या करकोच्याचं नाव सुचवलं होतं, पुढे संशयवाद्यांनी घुबडाचं. विजेरीच्या झोतात घुबडाचे डोळे लाल चमकतात. पण घुबडानं कोडं सुटलं तरी शोक कुठे फिटतो? दैवी संकेत बहुधा मागाहून रचले जातात, आणि रचणारे सगळेच काही लबाड नसतात.

मामा मात्र हटले नाहीत. “2016 च्या 2 ऑगस्टला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या घेऊन. उद्या कुणी म्हणालं की आदल्या रात्री पुलावर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसली, तर चौकशी कुणाची लावायची? बाईची?”

“इथं तर चौकशीही झाली आणि देशभर पुलांच्या तपासणीचे नियमही आले. मॉथमननं कुठे अडवलं?”

“तेव्हा कीलचं पुस्तक यायचं होतं!”

“आणि पुस्तक आलं नसतं तर हा पूल मला कधी कळला असता?”

“मला कॉलेजात होता.”

“हो, तुम्हा इंजिनिअरांना!”

फ्लॅटवूड्सबद्दल मामांची तक्रार नव्हती. उल्का पडताना पाहून काही मुलं आणि एक आई टेकडीवर गेली, अंधारात काहीतरी उंच दिसलं आणि सगळे धूम पळाले. ती आकृती बहुधा गव्हाणी घुबडाची. त्यात कुणाचा जीव गेला नाही. तिथे हसायला हरकत कसली? ग्रीन बँकला तर ते एका पायावर तयार होते. 1960 मध्ये फ्रँक ड्रेक यांनी तिथे 26 मीटरची दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवून परग्रहावरच्या संदेशाची वाट पाहिली. संदेश आला नाही, आणि आला नाही असंच त्यांनी सांगितलं. उडत्या तबकड्यांच्या शौकिनांनी खरं तर सहलीची सुरुवातच तिथून करावी. आजही तिथे दुर्बिणीजवळ फक्त डिझेलच्या गाड्या जाऊ देतात, कारण पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीनंही रेडिओ लहरींत व्यत्यय येतो.

शेवटी पॉइंट प्लेझंट वहीत राहिलं, पण क्रम बदलला. आधी पुलाचं स्मारक, मग 1969 चा नवा पूल खालून निरखायचा (ही मामांची अट), आणि कारखान्याच्या आवारातलं मॉथमनचं रान त्यानंतर.

“रानात शिकारी असतात,” भाची म्हणाली. “नारिंगी जाकिटं लागतील.”

“ती दोनशेत बसतात?”

“मॉथमन संग्रहालयाचं एक तिकीट कापलं तर.”

“मग काप.”

“तुझं की माझं?”