काम हीच प्रार्थना?

‘काम हीच प्रार्थना’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा ऐकू येते की ते बायबलमधलेच असावे, असे कुणालाही वाटेल. ते बायबलमध्ये नाही. म्हणून ते खोटे आहे असेही नाही. पण ते कोण म्हणते आणि कोणाला उद्देशून म्हणते, हे पाहिले की थोडे थांबून विचार करावासा वाटतो. संध्याकाळी सारे घर रोझरीसाठी अल्तारासमोर जमते. आत कालवण उकळत असते, भाकऱ्या व्हायच्या असतात, सासूबाईंना गोळ्या द्यायच्या असतात. ‘तू आतूनच उत्तर दे गं, काम म्हणजेसुद्धा प्रार्थनाच की!’ असे बाहेरच्या खोलीतून सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मात्र ज्याला हे वाक्य सोयीचे पडते तो स्वतः भाकऱ्या थापत नसतो, एवढे खरे!

आपल्या धर्मग्रामात आम्ही बायका नाना तऱ्हेची कामे करतो. कुणी पहाटे भाजीची टोपली घेऊन बाजार गाठते, कुणी विरार लोकलमध्ये उभ्याने जपमाळ उरकते, कुणी इस्पितळात रात्रपाळी करते, कुणी दिवसभर घर सांभाळते. पण एकत्र बसलो की बोलणे एकच निघते. प्रार्थनेला वेळ मिळत नाही, आणि मिळालाच तर मन लागत नाही. या खरे म्हणजे दोन तक्रारी आहेत. त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

मन लागत नाही, ही तक्रार आधी घेऊ, कारण ती सोपी आहे. कन्फेशनला गेल्यावर आम्ही बायका हे पाप म्हणून सांगतो. ‘फादर, रोझरी म्हणताना लक्ष नव्हते.’ आमच्या आज्यांचे काय होत होते ते आठवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२ ते १९६५) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वेदीवर काय म्हटले जाते याचा एक शब्दही त्यांना कळत नसे. त्या बाकावर बसून हातातली माळ ओढत. मग त्यांची प्रार्थना व्यर्थ गेली काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच या प्रश्नाचा विचार केला होता. प्रार्थनेतले लक्ष तीन प्रकारचे असते, असे ते सांगतात: शब्द नीट उच्चारण्याकडे, शब्दांच्या अर्थाकडे, आणि ज्याची प्रार्थना करतो त्या परमेश्वराकडे. यातले तिसरे सर्वांत आवश्यक, आणि ते अगदी अडाणी माणसालाही साधते. प्रार्थना करायचीच म्हणून मनापासून सुरुवात केली आणि पुढे मन नकळत भरकटले, तर तेवढ्याने प्रार्थनेचे पुण्य जात नाही, असेही ते म्हणतात. मुद्दाम मन भटकू देणे ही गोष्ट वेगळी.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक श्रद्धाग्रंथ आणखी एक गोष्ट सांगतो, ती आम्हांला फार मोलाची वाटते. विचलित करणाऱ्या विचारांच्या मागे काठी घेऊन धावू नका. ते विचार आपले मन कुठे गुंतले आहे हे दाखवतात, तेव्हा ते ओळखून परत प्रभूकडे वळा. आता बाईचे मन कुठे गुंतलेले असते? मुलाची परीक्षा, नवऱ्याचा खोकला, धाकट्या जावेशी झालेला अबोला, घराचा हप्ता. यांतल्या बहुतेक गोष्टी म्हणजे माणसेच! मन तिकडे गेले तर त्या माणसाचे नाव घेऊन प्रभूला सांगावे आणि पुढचा मणी धरावा.

वेळेचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. काम हीच प्रार्थना असेल, तर वेगळा वेळ काढायचाच कशाला? आणि वेगळा वेळ हवाच असेल, तर दिवसाचे चौदा तास काम करणारी बाई परमेश्वरापासून चौदा तास दूर असते काय?

हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका बाईनेच विचारलेला आहे. प्रोबा नावाची रोममधली एक श्रीमंत विधवा होती. ४१० साली गॉथ लोकांनी रोम लुटले, तेव्हा सून आणि नात यांना घेऊन ती जीव वाचवून आफ्रिकेत आली. घर गेले, शहर गेले, आणि भोवती सगळ्या विधवा नि मुली. तिने संत ऑगस्टीन यांना विचारले की, प्रार्थना कशी करावी? सुमारे ४१२ साली त्यांनी तिला लांबलचक पत्र लिहिले. निरंतर प्रार्थना करा असे संत पौल सांगतात, पण निरंतर गुडघे टेकून राहणे कुणाला शक्य आहे? ऑगस्टीन यांचे उत्तर असे, की परमेश्वराची ओढ जर अखंड असेल तर प्रार्थनाही अखंडच आहे. म्हणजे भाकरी थापतानाही ती चालू असते. पण ते तिथे थांबत नाहीत. संसाराच्या व्यापात ही ओढ हळूहळू कोमट होते आणि एक दिवस पार विझते. म्हणून ठरावीक वेळी हातातले सोडून शब्दांनी प्रार्थना करायची, ती देवाला काही कळवण्यासाठी नव्हे, तर आपल्यातला विस्तव फुंकण्यासाठी. इजिप्तमधले संन्यासी अगदी छोट्या प्रार्थना बाणासारख्या पुन्हापुन्हा सोडत, तेही त्यांनी प्रोबाला कळवले आहे. लोकलच्या गर्दीत दुसरे काही जमत नाही तेव्हा आम्हीही हेच करतो.

विस्तवाची गोष्ट चूल पेटवलेल्या आज्यांना समजावून सांगावी लागली नसती. निखारा राखेखाली दिवसभर टिकतो, पण कुणीतरी वेळेवर फुंकर घालावी लागते. तेव्हा काम ही प्रार्थना होऊ शकते, पण प्रार्थनेसाठी राखलेल्या वेळाच्या जिवावर. आविलाच्या संत तेरेजा यांनी स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही प्रभू वावरतो असे आपल्या भगिनींना समजावले, हे प्रवचनांत आपण ऐकतो. त्याच भगिनींना त्यांनी रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौन प्रार्थना घालून दिली होती, हे सांगायचे मात्र राहून जाते. पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात देव भेटलेले ब्रदर लॉरेन्स यांनाही मठाची घंटा होती. ते दोन तास आणि ती घंटा काढून घेतली, तर उरतात नुसती भांडी.

सियेनाच्या संत कॅथरीनचे (१३४७ ते १३८०) चरित्र यासाठी आम्हांला जवळचे वाटते. तिने लग्नाला नकार दिला म्हणून घरच्यांनी तिची खोली काढून घेतली आणि मोलकरणीची सारी कामे तिच्यावर टाकली. तिने मनातच एक खोली बांधली. वडिलांना जेवण वाढताना ते प्रभू येशू आहेत, आई म्हणजे पवित्र मरिया आणि भाऊ म्हणजे प्रेषित, असे मानून ती राबली. केवढी मोठी गोष्ट! पण गोष्ट इथे संपत नाही. तिच्या वडिलांना शेवटी उमगले. यापुढे हिच्या प्रार्थनेच्या आड कुणी येऊ नये, असे त्यांनी घराला बजावले आणि तिला खोली परत मिळाली. मनातली खोली परमेश्वराने दिली. चार भिंतींची खोली देणे हे घरच्यांचे काम होते.

मार्था आणि मरिया यांची गोष्टही आपण घाईने वाचतो. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू मार्थेला बोलतो ते तिच्या कामाबद्दल नव्हे, तिच्या जिवाच्या ओढाताणीबद्दल. योहानाच्या अकराव्या अध्यायात हीच मार्था, तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस, असे भर दुःखात स्पष्ट कबूल करते. पुढच्या अध्यायात ती पुन्हा वाढपाला उभी आहे, आणि या वेळी प्रभू तिला काही म्हणत नाही. पूर्वी २९ जुलै हा दिवस एकट्या मार्थेच्या नावे होता. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली त्यात मरिया आणि लाजर यांनाही घेतले. एक घर, तिघे जण. त्या दिवशी बेथानीत लाजर घरात होता की नाही, हे लूक सांगत नाही. असता तर मार्थेने मदत मागताना त्याचे नाव घेतले असते काय, असा प्रश्न आम्हां बायकांना पडतो!

प्रभूने मरियेला पायाशी बसू दिले आणि ती जागा तिच्याकडून काढून घेतली जाणार नाही असे सांगितले. आता ती जागा राखायची म्हणजे कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कुणीतरी मोजायला हव्यात. वीस मिनिटांची शांतता आकाशातून पडत नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वीस मिनिटांतून ती निघते. आमच्या मते रोझरीची वेळ झाली की गॅस बंद व्हावा आणि राहिलेल्या भाकऱ्या प्रार्थनेनंतर सगळ्यांनी मिळून कराव्यात. मुलग्यांच्या भाकऱ्या थोडे दिवस वेड्यावाकड्या होतील, त्याला इलाज नाही.

पण ज्या घरात दुसरे माणूसच नाही तिथे काय? अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ एकटीच असलेली मुलगी, किंवा मतिमंद मुलाला सोडून हलू न शकणारी आई, अशा बहिणी आपल्याही धर्मग्रामात आहेत. त्यांना ‘तुझी सेवा हीच मिस्सा’ असे सांगून आपण मोकळे होतो. ते खरेही आहे, पण ते सांगण्याचा अधिकार तिच्या आजाऱ्याजवळ एकदा तरी बसलेल्यालाच असावा. आजाऱ्यांसाठी घरी कम्युनियन नेले जातेच. त्याच धर्तीवर रविवारी पहिल्या मिस्साच्या वेळी दीड तास कुणी त्या घरी जाऊन बसले, तर ती बाई चर्चमध्ये येऊ शकेल आणि बसणाऱ्याला दुसरी मिस्सा मिळेल. ज्यांना हे महिन्यातून एकदा जमण्यासारखे आहे, त्यांनी, पुरुषांनीसुद्धा, आज मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात आपले नाव द्यावे.