उशिरा येणाऱ्याचा वाटा

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११, ओव्या १७ ते ३४



प्रभुभोजनाच्या दिवशी हा पाठ आपल्या मंडळ्यांत वाचला जातो, पण बहुधा तेविसाव्या ओवीपासून. भाकर व प्याला यांविषयी प्रभूने जे नेमून दिले ते तेथे आहे, म्हणून वाचणारा तेथून आरंभ करतो आणि थोड्या ओव्यांनंतर थांबतो. त्यामुळे आधीचा व शेवटचा भाग श्रोत्यांच्या कानी क्वचितच पडतो. पौलाने ते पवित्र शब्द सहज स्मरण म्हणून लिहिले नाहीत. करिंथ येथील मंडळीत जेवणावरून एक लाजिरवाणी गोष्ट घडत होती, तिचा निवाडा करण्यासाठी त्याने ते लिहिले. ती गोष्ट कोणती, आणि आपल्या खेड्यातील मंडळीचा तिच्याशी काय संबंध, याचा आज विचार करू.

करिंथ हे दोन बंदरांचे व्यापारी शहर होते. इ. स. पूर्वी १४६ मध्ये रोमी सैन्याने ते जमीनदोस्त केले, पुढे इ. स. पूर्वी ४४ मध्ये युल्य कैसराने ते पुन्हा वसविले, आणि तेथे वस्तीस आलेल्यांत दास्यातून सुटलेले लोक पुष्कळ होते. अशा शहरात इ. स. ५० च्या सुमारास पौल आला, अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी तंबू शिवण्याचे काम करून राहिला, आणि दीड वर्ष वचन शिकवीत होता. तेथे जी मंडळी उभी राहिली तीत सर्व थरांचे लोक होते. नगराचा खजिनदार एरास्त तीत होता. साऱ्या मंडळीस जागा पुरेल असे घर असणारा गायस होता. तथापि पहिल्याच अध्यायात पौल त्यांस आठवण देतो की, तुमच्यात ज्ञानी, बलवान व कुलीन म्हणावेत असे थोडेच आहेत. बाकीचे हमाल, कारागीर व दास होते.

त्या काळी मंदिरे बांधलेली नव्हती. मंडळी कोणाच्या तरी घरी जमत असे. आठवड्याचा पहिला दिवस सुटीचाही नव्हता. रविवारी काम बंद ठेवण्याची आज्ञा कॉन्स्टंटाइन बादशहाने इ. स. ३२१ मध्ये, म्हणजे पौलाच्या नंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी दिली. आणि त्या आज्ञेतही शेतीच्या कामास सूट होती. म्हणजे त्या दिवशीही शेतकऱ्याचा नांगर चालूच राहिला! तर करिंथात ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हाती होता, तो दिवस असता येऊन बसे. ज्याचा वेळ धन्याच्या हाती होता, तो धन्याने सोडल्यावर येई. तोवर आधी आलेल्यांनी आपापल्या घरून आणलेले अन्न आपापसांत खाऊन संपविलेले असे. एक उपाशी व एक मद्याने मस्त, असे चित्र पौलाने एकविसाव्या ओवीत रेखाटले आहे. तेहतिसाव्या ओवीत तो त्यांस एकमेकांसाठी थांबावयास सांगतो. यावरून उशिरा येणारे हे कामकरी लोकच असावेत, असा अर्थ लावणे रास्त दिसते.

या पाठातून तीन गोष्टी आपण ध्यानात धरू.

पहिली गोष्ट उपासनेविषयी आहे. करिंथकर उपासना टाळीत नव्हते. ते जमत, गात, प्रार्थना करीत. चौदाव्या अध्यायावरून दिसते की, बोलणाऱ्यांची व गाणाऱ्यांची त्यांच्याकडे इतकी रेलचेल होती की त्यांस पाळीपाळीने बोलावयास सांगावे लागले. अशा उत्साही मंडळीस पौल सांगतो की, तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. किती कठोर शब्द हा! भाकर तीच होती, प्याला तोच होता, प्रभूचे नावही घेतले जात होते. मग उणे कशाचे होते? उपाशी भावाचे. त्याच्या देखत त्याच्यावाचून जेवण उरकले गेले, आणि जेवणातून प्रभू निघून गेला. यास्तव आपली उपासना देवास मान्य झाली की नाही, हे आपल्या गायनाच्या गोडीवरून किंवा उपदेशाच्या लांबीवरून ठरत नाही. सर्वांत शेवटी दारातून आत येणाऱ्यास तेथे जागा मिळाली की नाही, यावरून ते ठरते.

दुसरी गोष्ट सहभागितेविषयी आहे. सत्ताविसाव्या ओवीत अयोग्य रीतीने भाकर खाण्याविषयी जी ताकीद आहे, तिने आपल्या खेड्यांतील पुष्कळ साध्या विश्वासणाऱ्यांस भेडसावून सोडले आहे. ‘मी अडाणी आहे, माझ्याकडून चुका होतात, मी मेजाजवळ कसा जाऊ?’ असे म्हणून कित्येक म्हातारी माणसे व कित्येक मजूर प्रभुभोजनाच्या वेळी मागे बसून राहतात. उलट, ज्यांचा गावात मान आहे ते निर्धास्तपणे पुढे होतात. बंधूंनो, पौलाचा रोख नेमका याच्या उलट आहे! तो अयोग्य माणसाविषयी बोलत नाही. तसे असते तर आपल्यापैकी कोण पुढे येऊ शकता? तो अयोग्य रीतीविषयी बोलतो. आणि ती रीत कोणती, हे त्याने बाविसाव्या ओवीत सांगून ठेवले आहे: ज्यांच्याजवळ काही नाही त्यांस खाली पाहावयास लावणे, हाच देवाच्या मंडळीचा अपमान होय. पुढे तो प्रभूचे शरीर ओळखण्याविषयी बोलतो. आणि लागलीच बाराव्या अध्यायात मंडळी हीच ख्रिस्ताचे शरीर आहे असे शिकवितो. तेव्हा जो भाकर ओळखतो पण शेजारी बसलेला भाऊ ओळखत नाही, त्याने शरीर ओळखले असे म्हणता येईल काय?

येथे मला एक अवघड गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपल्या वाडवडिलांनी ख्रिस्ताचे नाव घेतले तेव्हा जात सोडली असे आपण सांगतो. ते खरे आहे, आणि त्यासाठी त्यांनी पुष्कळ सोसले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आपल्या मनातील शिवाशिव कशी गळून पडली हे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्यांच्या बाबतीत आधी अन्नपाण्याचा भेद गेला आणि बाप्तिस्मा मागाहून आला. आपल्यापैकी काहींच्या बाबतीत मात्र बाप्तिस्मा आजोबांच्या काळी झाला आणि भेद अजून जावयाचा आहे! एकाच मंदिरात या घराण्याची माणसे एकीकडे व त्या घराण्याची दुसरीकडे बसतात. सोयरीक जुळविताना पूर्वीचे कूळ विचारले जाते. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाजवळ बसला हे डोळे शोधीत असतात. अशा मंडळीत एकच प्याला हातोहात फिरत असला तरी मने मात्र वेगवेगळ्या भांड्यांतून पितात. हे जेथे असेल तेथे, प्रियजनहो, पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी ते मिटवा.

तिसरी गोष्ट सेवेविषयी आहे. इ. स. १५५ च्या सुमारास रोम शहरात जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने अंतोनिनस पायस बादशहास उद्देशून एक समर्थन लिहिले. ख्रिस्ती लोक गुप्तपणे काहीतरी अमंगळ करतात असा प्रवाद होता, म्हणून रविवारी आपण काय करतो हे त्याने साध्या शब्दांत सांगितले आहे. नगरातील व खेड्यांतील लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या व संदेष्ट्यांच्या लिखाणांचे वाचन होते. अध्यक्ष बोध करतो. सर्व उभे राहून प्रार्थना करतात. मग भाकर व प्याला वाटला जातो. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हातून त्यांच्याकडे पोहोचविला जातो. ज्यांस ऐपत आहे ते आपल्या खुशीने देतात. तो पैसा अध्यक्षापाशी राहतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची तरतूद होते. पाहा, करिंथात उशिरा येणाऱ्यास काही उरत नव्हते. शंभर वर्षांनी रोमात, जो येऊच शकला नाही त्याचाही वाटा काढून ठेवला जात होता. पौलाचे पत्र त्या मंडळ्यांनी वाचले आणि पाळले, याची हीच साक्ष. सेवा ही उपासनेच्या पाठीमागून जोडलेली वेगळी वस्तू नव्हती. मेजावरची भाकर दाराबाहेर चालत गेली, तीच सेवा झाली.

आता आपल्या गावाकडे वळू. बीड जिल्ह्यातून, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी व शेवगाव या भागांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस निघतात हे आपण जाणता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फडात उतरावे लागते आणि रात्री अपरात्री गाडी भरावी लागते. कारखान्याचे गाळप रविवारी थांबत नाही. ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मग ज्या मंडळीतील काही घरे असा कोयता घेऊन गेली आहेत, तिच्या त्या घरांचा नाताळ कोठे होतो? उसाच्या पाचटाच्या कोपीत. वर्षारंभाची उपासना? फडात. कित्येकांचा पुनरुत्थानाचा सणसुद्धा तिकडेच जातो. इकडे गावात आपण मंदिरास पताका लावतो, भजने गातो, जेवण करतो, आणि हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहितो. परत आल्यावर वर्गणी थकली म्हणून त्यांसच बोल लावतो! हे आजचे करिंथ नव्हे काय?

जो पोटासाठी गेला त्यास गैरहजर म्हणू नका. तो मंडळीचा दूर गेलेला अवयव आहे. त्याचा वाटा काढून ठेवा. तो कसा, हे थोडक्यात सांगतो.

त्याच्या घरी जे म्हातारे आईबाप मागे राहिले असतील, त्यांची विचारपूस वडीलमंडळाने वाटून घ्यावी. आठवड्यातून दोनदा कोणीतरी त्यांच्या उंबऱ्याशी जावे; दळण आहे काय, औषध आहे काय, पाणी कोण भरते, हे पाहावे. मुले मागे असतील तर ती शाळेत जातात की नाही याची चौकशी करावी, आणि संध्याकाळी चार घरची मुले एका दिव्याशी अभ्यासास बसवावी. मुले आईबापांबरोबर गेली असतील, तर परत आल्यावर शाळेत त्यांची जागा सुटू नये म्हणून शिक्षकांस आधीच भेटून ठेवावे. नाताळाच्या फराळातील एक डबा बाजूला काढून, उपदेशकाने किंवा दोघा तरुणांनी तो कारखान्याच्या तळावर नेऊन द्यावा. प्रत्येक उपासनेत त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. नुसते ‘दूर गेलेले बंधू’ असे म्हणून भागवू नये. नाव घेतल्याने माणूस जवळ येतो.

यासाठी पैसा कोठून आणावा, असे कोणी विचारील. पौलाने याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात उत्तर दिले आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काहीतरी बाजूस ठेवावे. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी ती वर्गणी होती. मिझोराममधील मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूस काढीत आल्या आहेत. त्या मुठींवर तेथील मंडळ्यांचे केवढे काम उभे राहिले! आपल्या घरी तांदूळ नसेल, पण ज्वारी-बाजरी आहे. दळण काढताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकणे कोणत्या घरास जड जाईल? महिन्याच्या शेवटी ती मडकी एकत्र ओता. मग पाहा, एखाद्या विधवेची चूल कशी पेटते.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस माझा विशेष शब्द आहे. तुम्ही चार-पाच गावे हिंडता. वेतन थोडे आणि वाट लांब. पुष्कळ वेळा तुम्ही उपासनेस उभे राहता तेव्हा समोर चारच माणसे असतात, आणि बाकीची रानातून परतावयाची असतात. अशा वेळी वहीत संख्या भरण्याच्या घाईने उपासना उरकू नका. दिवेलागणीनंतर उपासना ठेवा. मजूर हातपाय धुऊन येईपर्यंत भजने गात राहा. आणि ती बाई शेवटी आली, अंगावर रानाची धूळ, कडेवर झोपलेले लेकरू, तर तिला दाराशी बसू देऊ नका, पुढे बोलवा. तिच्यासाठी एक ओवी पुन्हा वाचा. जो उपदेशक थांबावयास शिकला त्याने पौलाच्या या पत्राचा अर्धा अर्थ शिकविला असे समजा.

आणि मंडळीतील जे सधन आहात, ज्यांची विहीर आहे, नोकरी आहे, ज्यांस वेळेवर येता येते, त्यांनी वेळेवर येण्याचा अभिमान धरू नये. लवकर येणे हा तुमचा पुण्यसंचय नव्हे; ती देवाने दिलेली सवड आहे. त्या सवडीत चटया अंथरा, पाण्याची घागर भरून ठेवा, जेवण असेल तर पाने शेवटच्यासाठी मोजून ठेवा. प्रभू स्वतः शिष्यांच्या आधी कमरेस रुमाल बांधून उठला, तो पाय धुण्यासाठी.

प्रियजनहो, आपण सर्वच देवाच्या घरी उशिरा आलेले लोक आहोत. यहूदी लोकांस वचने मिळाली तेव्हा आपण रानातच होतो. सुवार्ता यरुशलेमेत गाजली त्यानंतर शेकडो वर्षांनी ती आपल्या गावाच्या वेशीत आली. तरी आपला वाटा संपला नव्हता. प्रभूने तो राखून ठेवला होता. ज्यांच्यासाठी असे थांबले गेले त्यांनी दुसऱ्यांसाठी थांबू नये काय?

येत्या प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर हातात घेण्यापूर्वी प्रत्येकाने मान वर करून सभोवार पाहावे: कोण आलेला नाही? त्याचे नाव मनात धरून मग ती खावी, आणि उपासना संपताच त्याच्या घराची वाट धरावी. मंडळीचा धनी जो प्रभू येशू, तो आपणांस एकमेकांची वाट पाहण्याइतके प्रेम देवो, आणि त्याच्या येण्याच्या दिवशी आपल्यापैकी एकाचीही जागा रिकामी न राहो. आमेन.