कुकीचा गुडघा आणि आपला हिशेब



मागच्या नोव्हेंबरमध्ये आमची कुत्री कुकी घरामागच्या अंगणात खारीमागे धावली आणि एकदम केकाटून तीन पायांवर उभी राहिली. सात वर्षांची, तीस किलो वजनाची, शेल्टरमधून आणलेली. मागच्या पायाच्या गुडघ्यातले क्रुशिएट लिगामेंट तुटले होते. मोठ्या कुत्र्यांमध्ये हे दुखणे नेहमीचे आहे. त्यावर टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया करतात. नडगीचे हाड वरच्या बाजूला कापून थोडे फिरवतात आणि प्लेट व स्क्रूने पक्के करतात, म्हणजे लिगामेंट नसतानाही गुडघा सरकत नाही. एस्टिमेटवर आकडा होता 6,200 डॉलर. रुपयांत पाच लाखांच्या वर.

आम्ही विमा काढलेला नव्हता, आणि इजा झाल्यावर काढलेला विमा त्या इजेला लागू होत नाही. दुसरा मार्ग वेदनाशामक गोळ्या आणि विश्रांतीचा, पण एवढ्या वजनाची कुत्री बहुधा जन्मभर लंगडली असती. काही कुटुंबांना पैसे परवडत नाहीत म्हणून जनावराला इंजेक्शन देऊन कायमचे झोपवावे लागते. इथले पशुवैद्य त्याला 'इकॉनॉमिक युथनेशिया' म्हणतात. पहिले शील रोज म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द ऐकवत नाही. मी दोन मिनिटांत सही केली.

घरी येताना गाडीत आठवले. पंधरा दिवसांपूर्वी अकोल्याहून चुलतभावाचा फोन आला होता. "दादा, पोरीच्या हॉस्टेलचे पंचेचाळीस हजार भरायचे आहेत. जमेल का?" म्हणजे साधारण सव्वापाचशे डॉलर. मी म्हणालो होतो, "सध्या जरा ओढाताण आहे रे, जानेवारीत बघू."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? आपल्या मेळाव्यांत कोणीतरी म्हणतेच, "कुत्र्यावर एवढा खर्च? तिकडे आपली पोरं फीविना शाळा सोडतात." हे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्यामागे इतिहास आहे. माझे वडील लहानपणी पाटलाच्या वाड्यावर निरोप घेऊन जात, तेव्हा कुत्रे ओसरीवर बसलेले असे आणि वडील अंगणात उभे. पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मुभा होती, आपल्याला नव्हती. म्हणून ऑपरेशनचा आकडा सांगितला तेव्हा बाबा फोनवर बराच वेळ गप्प राहिले, त्याचे मला नवल वाटले नाही.

पण 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तळ्याची पायरी उतरले, ते जनावरांचे पाणी तोडायला नव्हे. माणसाला त्याचा हक्क मिळवून द्यायला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते करुणा आणि मैत्री यांत फरक करतात. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाणारी. मैत्री ही करुणेच्या पुढची पायरी आहे, तिच्या जागी बसवायची वस्तू नाही. त्याच ग्रंथात बाणाने जखमी झालेल्या पक्ष्यासाठी लहान सिद्धार्थ देवदत्ताशी वाद घालतो. मारणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, हा त्याचा मुद्दा शेवटी मान्य होतो.

म्हणून कुकीवर खर्च केला यात मला चूक दिसत नाही. जिला आपण घरी आणली, जिला आपल्याशिवाय कोणी नाही, तिची जबाबदारी आपलीच. चूक दुसरीकडे होती. माझ्याकडे पैसे नव्हते हे खरे नव्हते. कुकीचे दुखणे डोळ्यांसमोर होते आणि मुलगी शेजारी रडत होती. पुतणीची अडचण आठ हजार मैलांवर होती आणि तिचे रडणे मला ऐकू येत नव्हते. मी अंतराला गरिबीचे नाव दिले होते. सम्यक वाचेत हे बसते का, याचे उत्तर मला द्यायला नको.

त्या रात्री आम्ही नवराबायकोने एक्सेल शीट उघडली. बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरला आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले होते. आपण तो आकडा भाषणात घेतो. मी प्रथमच तो स्वतःच्या पगारावर लावून पाहिला, आणि वर्षभरात प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्याच्या शेजारी लिहिली. ती किती होती ते इथे सांगत नाही, सांगण्यासारखी नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलचे पैसे पाठवले आणि भावाला खरे कारणही सांगितले. तो म्हणाला, "दादा, कुत्री बरी आहे ना?"

तुम्हीही एकदा ही शीट उघडा. घरी प्राणी असेल तर तो धडधाकट असतानाच विमा काढा, किंवा दरमहा थोडे बाजूला ठेवा. एका गुडघ्यानंतर बऱ्याच कुत्र्यांचा दुसराही जातो. आणि त्याच ओळीखाली एक ओळ गावाकडच्या शिक्षणासाठी ठेवा, कोणी मागण्याच्या आधी. पुढच्या वेळी "जमणार नाही" म्हणावे लागले, तर निदान ते खरे असेल.

कुकी आता चारही पायांवर चालते. बारा आठवडे तिला पट्ट्याशिवाय सोडले नव्हते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा आधी तिचीच चौकशी करतात. एकदा मी त्यांना त्या वाड्याबद्दल विचारले. म्हणाले, "त्या कुत्र्याचा काय दोष होता रे? ओसरी काही त्यानं बांधली नव्हती."

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!