दान कोणाचे?

दानात देणाऱ्याचे नाव मोठे, की घेणाऱ्याचा मान? ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली व पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा करवीरनगरीने याचे उत्तर कृतीने दिले. मंगळवार पेठेसारख्या जुन्या पेठांतील तालमी, तरुण मंडळे आणि सेवाभावी संस्था मदतीस धावल्या. कोणी धान्य दिले, कोणी स्वयंपाक केला, कोणी तो पूरग्रस्तांपर्यंत पोहोचविला. ज्यांच्याजवळ द्रव्य नव्हते, त्यांचे श्रमही त्याच ताटात आले. एकट्याच्या दानाने घेणारा उपकाराखाली दबतो. सर्वांनी मिळून वाढलेले अन्न तो गावचा माणूस म्हणून घेतो. भाविकांनी दान करताना हा मान जपावा.